सात नंबरचं फडकं

१

बुधवारी सकाळी नऊ वाजता अंजनाबाईंनी वाचनालयाच्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडली, आत पाहिलं आणि त्या मटकन खाली बसल्या. मागं बाकडं होतं म्हणून वाचल्या.

पेटीत अठ्ठेचाळीस फडकी होती. रविवारी आम्ही शेवटची पाहिली तेव्हा त्यांतलं एकही पांढरं नव्हतं. काही करडी होती, काही काळपट, एक-दोन तर तव्याच्या बुडासारखी. आता सगळी पांढरीशुभ्र. कुणीतरी ती धुतली होती, वाळवली होती आणि घड्या घालून होती तशी परत रचून ठेवली होती.

"हवालदार," अंजनाबाई म्हणाल्या, "उद्या अकराला साहेब येणार. मी त्यांना काय दाखवू?"

मी चिडलो. माझं हे असंच आहे. मी हंबीरराव, सातारा जिल्ह्यातला. मिलिटरीच्या मोटार वर्कशॉपात बावीस वर्षं इंजिनं खोलली आणि जोडली, हवालदार म्हणून पेन्शनीत निघालो, आणि बायको गेल्यावर माधवनगरला बहिणीकडं येऊन राहिलो. इंजिनावर चिडून काही उपयोग नसतो हे वर्कशॉपात शिकलो, पण माणसांवर चिडायची खोड काही गेली नाही.

आमचं एक मंडळ आहे. स्वच्छ हवा मंडळ. नाव मोठं आणि माणसं अकरा. अंजनाबाई प्राथमिक शाळेत शिकवतात, त्यांनीच ते शहात्तर साली काढलं. शाळेच्या गल्लीतून गोदामाकडं दिवसाला साठ-सत्तर ट्रक जायचे. खिडक्या उघडल्या की पोरं खोकायची, लावल्या की घुसमटायची. गावाबाहेरून दुसरा रस्ता होता, पण लांबचा. ट्रक तिकडून न्यावेत, धूर ओकणाऱ्या गाड्या तपासाव्यात, एवढंच आमचं मागणं. अर्जावर अर्ज केले. शेवटी वरून कागद आला की धुराचा पुरावा सादर करावा.

आता धूर काय पाकिटात घालून पाठवायचा?

पण बाई हुशार. त्यांनी गिरणीतून कोरं मांजरपाट आणलं, धुऊन खळ काढली आणि हातभर लांबीची फडकी फाडली. गल्लीतल्या आठ घरांच्या खिडक्यांत एकेक बांधलं. एक तारखेला जुनं काढायचं, नवं लावायचं. काढताना त्या घरची बाई काजळी आत राहील अशी घडी घालून देणार, आणि अंजनाबाई कोपऱ्यात लाल दोऱ्यानं घराचा नंबर आणि महिना शिवणार. ऑगस्ट ते जानेवारी, आठ घरं, सहा महिने. तोच आमचा पुरावा. उद्या जिल्ह्याच्या कचेरीतले साहेब शाळेत येऊन तो पाहणार होते आणि त्यावर ट्रकांचा रस्ता ठरणार होता.

"मंडळाच्या वहीत नोंद आहे," मी म्हणालो.

"वही कुणीही लिहील, हवालदार."

ते खरं होतं.

२

अंजनाबाईंना पोलिसांत जायचं होतं.

"काय सांगनार त्यास्नी?" मी म्हणालो. "आमची कापडं कुनीतरी धुतली, म्हून?"

पेटी उचलून ओसरीवर उन्हात आणली आणि एकेक फडकं हातात घेऊन बघायला लागलो. बिघडलेली गाडी आली की मी आधी वास घेतो. इथंही तेच केलं.

साबणाचा वास होता, सोड्याचा होता, आणि खाली रॉकेलचा होता. डिझेलची काजळी नुसत्या साबणानं निघत नाही. आधी रॉकेलमध्ये भिजवून चोळावी लागते. ज्या घरात ड्रायव्हर नाहीतर फिटर असतो, त्या घरालाच हे माहीत असतं.

दुसरं म्हणजे फडक्यांना बारीक बारीक भोकं होती. एकात काट्याचं टोक मोडून राहिलं होतं. बाभळीचा काटा. आमच्या गल्लीत बाभूळ नाही, ती दीड मैलावर ओढ्याला आहे. अठ्ठेचाळीस फडकी गल्लीतल्या दोरीवर वाळत घातली असती तर सगळ्या गावानं पाहिली असती. धुणारानं ओढा गाठला होता.

तिसरी गोष्ट अंजनाबाईंच्या हाताला लागली.

"हे बघा. हे कडक आहे."

सगळी फडकी वापरून, धुऊन मऊ पडलेली. हे एकच खळ असलेलं कोरं मांजरपाट होतं. अंजनाबाईंनी कोपरा उलटून पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या आकडे फुलीच्या टाक्यानं शिवतात. या फडक्यावर आकडा होता, महिन्याचं अक्षर होतं, पण टाका होता गोधडीचा, साधा धावदोरा.

म्हणजे सत्तेचाळीस फडकी धुतली होती आणि एक बदललं होतं. खरं फडकं कुणीतरी ठेवून घेतलं होतं.

"नंबर कुठला?" मी विचारलं.

"सात," अंजनाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "डिसेंबर."

सात नंबर म्हणजे जालिंदरचं घर. जालिंदर लालासाहेबांच्या ट्रकवर ड्रायव्हर. महिन्यापूर्वी, जानेवारीत, त्याची अडीच वर्षांची पोरगी हरणा गेली होती.

३

खोलीची किल्ली आकारामकडं असते. आकाराम वाचनालयाची झाडलोट करतो, पेपर लावतो, आणि त्याला खोटं बोलता येत नाही. आला तसा तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागला.

"किल्ली माज्या करगोट्याला असती. आंगुळीला बी सोडत न्हाई."

"मग फडकी आपसूक धुतली व्हय रं?"

"मला न्हाई ठावं."

"आकाराम, माझ्याकडं बघून बोल."

त्यानं पाहिलं नाही. "हवालदार, काही गोष्टी इचारू ने मान्सानं," एवढंच म्हणाला आणि झाडू घेऊन आत गेला. घाबरलेला माणूस मला ओळखू येतो. हा घाबरलेला नव्हता, याला वाईट वाटत होतं. पण मी तेव्हा घाईत होतो आणि डोक्यात लालासाहेब बसला होता.

लालासाहेबाचे पाच ट्रक. बाहेरचा रस्ता झाला तर प्रत्येक खेपेला चार मैलांचा फेरा. मंडळाची सगळ्यांत जास्त टिंगल करणारा तोच. गेलो तेव्हा गोदामापुढं खुर्ची टाकून पान लावत होता.

"या हवालदार. हवा कशी हाय आज?"

"फडकी कुनी धुतली, लालासाहेब?"

त्याला आधी कळेना. मी सांगितलं तसा तो इतका हसला की पान खाली पडलं.

"आवं, मी काडी लावनारा मानूस. मला नकु असती तर पेटीसकट पेटवली असती. धुऊन, वाळवून, घड्या घालून परत कशापाई ठिवीन? त्ये कुना भल्या मान्साचं काम हाय, माजं न्हवं."

राग आला, पण बोलत होता ते बरोबर. ज्यानं हे केलं त्याला पुरावा नको होता आणि तरी बाईंची वस्तू जाळायला त्याचा हात धजला नव्हता.

"तुमच्या जालिंदरला सांगितलं असंल तुमी," मी म्हणालो.

लालासाहेबाचं हसू गेलं. "जालिंदरला काय सांगतोय मी. पोरगी गेल्यापास्नं त्यो बोलतोय कुटं? गाडी बी दारात न्हेत न्हाई आता. ओढ्याच्या उतारावर लावतो आन् तितनं चालत घरी जातो. इचारलं तर म्हंतो, पाय मोकळं करतो. दीड मैल."

ओढा म्हटल्यावर मी उठलो.

४

ओढ्याच्या पुलाअलीकडं उतारावर ट्रक उभा होता, चाकांना दगड लावलेले. बाजूला बाभळी. काट्यांना पांढरे दोरे अडकले होते, चार-पाच ठिकाणी. आणखी शोधायची गरज नव्हती.

जालिंदर सावलीला बसला होता. तिशीचा गडी, पण महिन्याभरात चाळिशीचा दिसायला लागलेला. मला पाहून उठला.

"फडक्यांचं इचाराया आलात," तो म्हणाला. मी तोंडही उघडलं नव्हतं. "म्याच धुतली. लिवून घ्या."

असा गुन्हा कबूल करणारा माणूस मला आवडत नाही. विचारायच्या आधी सांगतो तो बहुतेक दुसऱ्याचं सांगतो.

"कशी धुतलीस?"

"रॉकेल लावून. मग साबन."

"वाळवली कुटं?"

त्यानं बाभळीकडं हात केला. तळहातावर फोड होते, काही फुटलेले. स्टेअरिंग धरून असे फोड येत नाहीत. जड काहीतरी ढकलून येतात.

"सात नंबरचं काय केलंस?"

"त्ये? जाळलं."

"आन् त्याच्या जागी नवं ठिवलंस. आकडा कंच्या दोऱ्यानं शिवलास?"

त्यानं तळहात मिटून घेतले.

"जालिंदर, सुईत दोरा तरी ओवता येतो का तुला?"

तो परत खाली बसला. "हवालदारसाहेब, पाया पडतो. घरी जाऊ नगा. तिला इचारू नगा."

मीही बसलो. माझा राग कुठं गेला होता कोण जाणे. मग मला त्याच्या ट्रकच्या चाकाखालचे दगड दिसले आणि मी जे विचारायला नको होतं ते विचारलं.

"गाडी उतारावर का लावतोस? सेल्फ चालत न्हाई?"

"न्हाई. दिवाळीपास्नं गेलाय. मालक करतो करतो म्हंतात. उतार असला की दगड काढायचं, जरा ढकलायची, की चालू हुती."

"गल्लीत उतार न्हाई."

"न्हाई."

"मग दिवाळीपास्नं, पोरगी हुती तवर, गाडी कुटं लावायचास?"

"दारात."

"आन् बंद केल्यावर चालू कशी करायचास?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. ते डोळे मला अजून दिसतात.

"बंद करत न्हवतो," तो म्हणाला. "दर खेपंला ढकलाया मानूस कुटनं आननार? भाकरी खाऊस्तवर, च्या पिऊस्तवर, गाडी चालूच. खिडकीखाली. हरणाचा पाळना त्याच खिडकीत हुता. तिला गाडीचा आवाज आवडायचा. गाडी आली की टाळ्या वाजवायची."

डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिला होता. ते साल थंडीचंही होतं. धुरानं की थंडीनं, कुणी सांगावं? मी तसं बोललोही. त्यानं मान हलवली, पण ऐकलं नव्हतं.

"सोमवारी मी हितंच बसलो हुतो. गाडीमागं," तो म्हणाला. "माजी बायकू रंगू आली बोचकं घिऊन. धुताना बघितली तिला. एकेक फडकं, सकाळधरनं दुपारपतूर. मग कळलं ह्ये कशापाई चाललंय. मला कळू ने म्हून. उद्या साळंत सगळ्यांम्होरं सात नंबर वाचला जाईल आन् जालिंदरला कळंल, आपल्याच गाडीनं, म्हून."

"आन् तू तिला हाक न्हाई मारलीस?"

"कशी मारू? तिनं एवढं केलं मला कळू ने म्हून. मग मला कळलंच न्हाई, असंच ऱ्हावं लागंल न्हवं मला?"

५

मी त्याला शब्द दिला की रंगूबाईला काही विचारणार नाही, आणि तिथून सरळ त्याच्या घरी गेलो. शब्द मोडायची मला लाज वाटली. पण दोन माणसं एका घरात राहून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतायत, हे मला बघवेना.

रंगूबाई सूप घेऊन जोंधळे पाखडत होती. माझ्याकडं पाहिलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि पदर सारखा केला. आकाराम का गप्प बसला ते मला तेव्हा समजलं. त्या बाईनं किल्ली मागितली असती तर मीही दिली असती.

"बसा मामा. पानी दिऊ?"

"नगं. पोरी, मी कशाला आलोय ठावं हाय तुला."

"व्हय."

तिनं नाकारलं नाही, रडलीही नाही. "बाई फार रागावल्यात का? त्यास्नी सांगा, जाळायचा धीर झाला न्हाई. सा म्हैन्यांची मेहनत त्येंची. एकच धुतलं असतं तर लोकांनी इचारलं असतं ह्येच का म्हून. म्हून सगळी धुतली. आन् मोजायला एक बी कमी पडू ने, म्हून नवं शिवून ठिवलं. मला वाचता येत न्हाई, जसं दिसलं तसं शिवलं."

"पर तुला कुनी सांगितलं, पोरी? त्या फडक्यात काय हुतं त्ये?"

तिनं माझ्याकडं नवल करून पाहिलं.

"तुमीच की मामा."

आणि मला रविवार आठवला.

रविवारच्या बैठकीत मी शहाणपणा केला होता. पेटीतलं एक फडकं घेतलं, नंबर न बघता, घडीची कड उचलून काजळी बोटावर चोळली आणि सगळ्यांना व्याख्यान दिलं. "ही रस्त्यावरची काजळी न्हाई. रस्त्याची कोरडी असती. ही वली हाय, तेलकट. एकच गाडी, दाराम्होरं उभी, गार इंजिन, नोझल गेलेलं, आन् चालूच ठिवलेली. असलं इख गुराच्या गोठ्यात बी सोडू ने." लोक वाहवा म्हणाले. अंजनाबाईंनी नंबर पाहिला आणि म्हणाल्या, हे सगळ्यांत वर ठेवू, साहेबांना हेच आधी दाखवू. नंबर त्यांनी मोठ्यानं वाचला नव्हता. पण दाराशी रंगूबाई बसली होती आणि तिनं आपली घडी ओळखली होती.

बावीस वर्षांची माझी विद्या, आणि ती मी तिच्या पुढ्यात अशी टाकली होती. मला तोंड वर करवेना.

"त्येला कळाया नगं, मामा," ती म्हणाली. "आधीच माजं त्वांड बघवत न्हाई त्येला. गाडी कुटं लावतो द्येव जाने. उशिरा येतो, जेवतो, भिताडाकडं त्वांड करून निजतो. ह्ये कळलं तर त्यो जीव दील."

"त्यानं गाडी ओढ्याला लावलीया," मी म्हणालो. "उतारावर. रोज पहाटं दीड मैल चालत जातो, दगड काढतो, एकट्यानं ढकलतो. हाताला फोड आल्यात. का, ठावं हाय? कुनाच्याबी दारात इंजिन चालू ऱ्हाऊ ने म्हून."

ती ऐकत राहिली.

"त्याला पैल्यापास्नं ठावं हाय, पोरी. तू धूत हुतीस तवा त्यो गाडीमागं बसला हुता."

मग ती रडली. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता, हलत राहिली. मी म्हातारा माणूस तिथं नुसता बसलो. बऱ्याच वेळानं ती उठली, कणगीमागून एक घडी काढली आणि माझ्यापुढं जमिनीवर उलगडली.

सात नंबरचं फडकं. काळंकुट्ट. आणि खालच्या बाजूला, पाळण्यातून पोहोचेल एवढ्या उंचीवर, पाच बोटं आणि तळवा. तेवढाच कापडाचा पांढरा रंग दिसत होता. पोरीनं फडक्यावर हात टेकला होता आणि तिच्या हाताला काळं लागून तेवढी जागा पुसली गेली होती.

"मी त्या दिशी रागं भरले तिला," रंगूबाई म्हणाली. "झबलं काळं केलं म्हून. फोटू काढला न्हाई आमी हरणाचा. दिवाळीत काढू, मग म्हनलं संक्रांतीला काढू. ह्ये येवढंच हाय. ह्ये न्हाई धुवाया आलं मला."

दिवस कलला तसा जालिंदर चालत आला. दारात मला पाहिलं, आत जमिनीवर पसरलेलं फडकं पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबला. मी त्याच्या बाजूनं बाहेर पडलो. मागं बघितलं नाही.

अंजनाबाई शाळेत वाट बघत होत्या. मी म्हणालो, कळलंय, पण सांगणार नाही. "उद्या पोरांसाठी मी काय बोलू, हवालदार? तुम्हाला माहीत असून गप्प बसता?" त्या माझ्यावर इतक्या चिडल्या की मला बरं वाटलं. मला तेव्हा कुणीतरी चिडायलाच हवं होतं.

६

साहेब अकराला आले. तरुण होते, टापटीप, सोबत एक कारकून. शाळेच्या मोठ्या वर्गात बाकं लावली होती. गल्लीतली झाडून सगळी माणसं आली होती. लालासाहेब पुढच्या बाकावर बसला होता.

अंजनाबाईंनी सत्तेचाळीस पांढरी फडकी टेबलावर ठेवली आणि खरं ते सांगितलं, की ही रविवारपर्यंत काळी होती आणि कुणीतरी धुतली.

"साहेब," लालासाहेब उठून म्हणाला, "मला वाटतं फडकीच सांगत्यात. गल्लीत धूर न्हाई."

काही लोक हसले. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, माझा तुमच्यावर अविश्वास नाही. पण मला काहीतरी जोडावं लागतं."

अंजनाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. कडेच्या बाकावर कुणीतरी पोर खोकत होतं, आणि मी मनात ठरवून बसलो होतो की गल्ली हरली तरी चालेल, पण मी बोलणार नाही.

मागून पायांचा आवाज आला. जालिंदर आणि रंगूबाई दोघं उभी होती. त्याच्या हातात घडी होती.

"साहेब, मी ड्रायवर हाय," तो म्हणाला. "ह्येंच्याच गाडीवर." त्यानं लालासाहेबाकडं बोट केलं नाही, नुसती मान हलवली. "ह्ये माज्या घरच्या खिडकीतलं फडकं. ह्यावर जो धूर हाय त्यो माज्याच गाडीचा. सेल्फ न्हवता, म्हून मी बंद करत न्हवतो. मला वाटायचं, धूर काय, वर जातो."

मग त्यानं टेबलापाशी येऊन घडी उलगडली. पुढच्या बाकावरच्या बायकांना आधी दिसलं. लालासाहेबानं एकदा पाहिलं आणि आपली टोपी काढून मांडीवर ठेवली.

निकाल काय लागला ते आत्ताच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायची माझी इच्छा नाही. पावसाळा संपता संपता हुकूम आला आणि ट्रक बाहेरच्या रस्त्यानं जायला लागले. लालासाहेबानं हुकमाची वाट न बघता त्याच आठवड्यात पाचही गाड्यांचे सेल्फ आणि नोझल करून घेतले, माझ्याकडून. एक शब्द बोलला नाही, मीही बोललो नाही. फडकं मात्र परत मिळालं नाही. मी दर महिन्याच्या एक तारखेला कचेरीत जाऊन विचारतो. कारकून सांगतो, मुंबईला फाइलीत आहे.

त्या दिवशी साहेब बराच वेळ त्या पाच बोटांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हे मला मूळ कागदांना जोडावं लागेल. वर पाठवावं लागेल."

"न्हाई," मीच ओरडलो. "त्ये मिळनार न्हाई."

अंजनाबाईही उठल्या. "साहेब, नका. आमचा अर्ज राहू दे."

रंगूबाईनं आम्हा दोघांकडं पाहिलं. मग त्या खोकणाऱ्या पोराकडं पाहिलं. पुढं आली, फडक्याची पुन्हा घडी घातली, काजळी आत राहील अशी, एक तारखेला घालायची तशीच, आणि टेबलावर ठेवली.

"घ्या," ती म्हणाली. हात मात्र तिनं घडीवरून उचलला नव्हता. "साहेब, तितं कुनी धुनार न्हाई न्हवं?"

"नाही, बाई," साहेब म्हणाले. "कुणी धुणार नाही."

त्यांनी कारकुनाकडून मोठं पाकीट घेतलं, घडी आत ठेवली आणि स्वतःच्या हातानं पाकिटावर काहीतरी लिहिलं. रंगूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, काय लिहिलंय.

"धुऊ नये," मी वाचून दाखवलं.